पाहिलेलेच सिनेमे परत बघायचे असतील तरच हा प्रोजेक्टर घ्या

आधीच सांगते म्हणजे ज्यांना घाई आहे त्यांचा वेळ वाचेल. नवीन सिनेमा, वेबसिरीज, क्रिकेटची मॅच असल्या गोष्टींसाठी प्रोजेक्टर शोधत असाल तर हा नका घेऊ, सरळ टीव्ही घ्या. पण घरात माझ्या सासऱ्यांसारखं कुणी असेल, म्हणजे गेल्या वीस वर्षांत एकही नवा सिनेमा पसंत पडलेला नाही आणि जुने आठ-दहा मात्र महिन्यातून एकदा लागतातच लागतात, तर डोळे झाकून घ्या. आमच्याकडे तर बघतात पण डोळे झाकूनच, बाबा अर्धा सिनेमा आरामखुर्चीत डोळे मिटून असतात आणि हसतात मात्र बरोबर जागेवर.

ब्रँडचं नाव लिहीत नाहीये त्याचं कारण असं की हेच मशीन, हाच पांढरा उभा डबा, हीच फिरणारी मान, पाच-सहा वेगवेगळ्या नावांनी विकायला आहे, फक्त स्टिकर वेगळा. माझ्या जावेच्या भावानं दुसऱ्या नावाचा घेतला, शेजारी शेजारी ठेवले तर माझा रिमोट त्याच्यावर चालला. त्यामुळे नावाला अर्थ नाही. साधारण नऊ हजारच्या आत, १० फुटांवरून १०० इंची चित्र, ऑटो फोकस, अँड्रॉइड आतच, असं दिसलं की समजा हाच तो.

एप्रिलमध्ये घेतला, आता कोजागिरी झाली, दिवाळी झाली, म्हणजे सात महिने वापरून लिहितेय, डबा उघडल्या दिवशी पाच स्टार देणाऱ्यातली मी नाही.

घ्यायचं कारण गच्ची. आम्ही जेलरोडला राहतो, जुनं रो-हाऊस, वर गच्ची, आणि ज्यांनी नाशकातला उन्हाळा काढलाय त्यांना माहितेय की दिवसभर कितीही तापलं तरी रात्री नऊ-साडेनऊला गच्चीवर असं काही वारं सुटतं की खाली जावंसं वाटत नाही. कुरडया-पापड वाळवून झाले की संध्याकाळी पाणी मारायचं, सतरंज्या टाकायच्या. तर लेक म्हणाली मम्मा इथे सिनेमा बघता आला पाहिजे. मला पण पटलं. नवरा म्हणाला नऊ हजार पाण्यात. बाबा काहीच म्हणाले नाहीत, फक्त विचारलं, बनवाबनवी लागेल का त्याच्यावर?

बाबा म्हणजे प्रेसचे रिटायर्ड. नाशिकरोडला नुसतं प्रेस म्हटलं की पेपरवाली प्रेस कुणाच्या डोक्यात येत नाही, नोटांची नाहीतर स्टॅम्पची, बास. त्या काळात ड्यूटी सुटली की अर्धी शिफ्ट घरी आणि अर्धी थिएटरात असं आई, म्हणजे सासूबाई, सांगतात, त्यातली दुसरी अर्धी म्हणजे बाबा. अनुराधा, रेजिमेंटल, आणि सिटीत गेलेच कधी तर हेमलता, सर्कल, विजयानंद. एकच सिनेमा तीन-तीन वेळा. आईंना वाटायचं ओव्हरटाईम चाललाय.

आता मशीनबद्दल. डब्यावर ठळक अक्षरात १२००० ल्युमेन्स, म्हणजे उजेडाचं माप, लिहिलंय, त्याला भुलू नका, हा आकडा कुणी कसा मोजला ते त्यालाच माहिती. खालच्या बाजूला मुंगीएवढ्या अक्षरात २०० अँसी ल्युमेन्स असं असतं, ते ठरलेल्या पद्धतीनं मोजलेलं, म्हणून खरं. घेताना फक्त अँसी शब्द शोधायचा, तो आकडा कुठेच दिला नसेल तर पुढे जायचं. २०० अँसी म्हणजे काय तर पूर्ण अंधार हवा. संध्याकाळी सातला उजेड असताना लावलात तर भिंतीवर कुणीतरी पाण्यानं चित्र काढलंय असं दिसतं. समोरच्या बिल्डिंगच्या जिन्यातला लाईट चालू असला तरी फरक पडतो, त्या काकांना आम्ही रोज फोन करून बंद करायला सांगायचो, मग काका स्वतःच खुर्ची घेऊन यायला लागले, प्रश्न मिटला.

तसंच ते ४के, म्हणजे अगदी बारीक स्पष्ट चित्राचं, सपोर्ट. सपोर्ट म्हणजे ४के व्हिडिओ दिला तर मशीन रुसत नाही एवढंच, दाखवताना ते त्याच्या स्वतःच्या १२८० बाय ७२० ठिपक्यांमध्येच दाखवणार. ही गोष्ट मला नंतर कळली आणि आधी राग आला. पण खरं सांगू का, आम्ही जे बघतो त्याला ७२० पण जास्तच आहे. जुन्या मराठी सिनेमाची यूट्यूबवरची प्रत म्हणजे कुणीतरी कधीतरी टीव्हीसाठी काढलेली कॅसेट, चौकोनी, दोन्ही बाजूला काळे पट्टे, कोपऱ्यात चॅनलचा लोगो. हा लोगो टीव्हीवर बटणाएवढा असायचा, आमच्या भिंतीवर जेवणाच्या ताटाएवढा दिसतो. पहिल्या दिवशी सगळे त्याच्याकडेच बघत होते.

तर पहिला सिनेमा अर्थातच अशी ही बनवाबनवी. १९८८ चा. म्हणजे त्याला आता सदतीस वर्षं होऊन गेली आणि आमच्या घरात एकही माणूस असं नाही ज्याला तो पाठ नाही, माझ्या लेकीसकट, जिचा जन्म व्हायच्या आधीच लक्ष्मीकांत बेर्डे आणि सिद्धार्थ रे दोघंही गेलेले होते, २००४ सालीच. भिंतीवर तारखेच्या कॅलेंडरची खूण होती ती मधोमध सचिनच्या कपाळावर येत होती. स्पीकरचा आवाज म्हणजे पत्र्याच्या डब्यात कुणी बोलतंय. म्हणून ब्लूटूथ स्पीकर जोडला तर ओठ आधी हलायचे आणि आवाज मागून यायचा, अर्धा सेकंद का होईना पण कळतं. दुसरा कुठला सिनेमा असता तर मी तिथेच रिटर्नची रिक्वेस्ट टाकली असती. पण इथे ओठ हलायच्या आधीच गच्चीवरचे अकरा जण ते वाक्य म्हणून मोकळे झालेले, मग आवाज मागून आला काय न् पुढून आला काय.

तेव्हा मला या मशीनचं मर्म कळलं. पाठ असलेल्या सिनेमात चित्र फक्त आठवण करून द्यायला लागतं, बाकीचं माणसं स्वतःच भरतात. काळा रंग राखाडी दिसतोय, कडेला फोकस फाटतोय, पंखा घरघरतोय, कुणाला काही पडलेली नाही. देवळात आरती चालू असताना लाऊडस्पीकर खरखरला तर आरती थांबते का.

आणि मोठं दिसल्याचा एक फायदा मला अपेक्षित नव्हता. २१ इंची टीव्हीवर आपण जो बोलतोय त्याच्याकडेच बघतो. १०० इंचावर मात्र जो बोलत नाहीये तो पण पूर्ण दिसतो. पुढच्या वेळी बनवाबनवी लावाल तेव्हा एक करा, बाकी कुणाकडे बघूच नका, फक्त अशोक सराफांकडे बघा, दुसरे बोलत असताना. आणि सुधीर जोशींचा घरमालक, तो माणूस नुसता ऐकत असतो तेव्हा चेहऱ्यावर काय काय करतो. मी हा सिनेमा किमान तीस वेळा पाहिला असेल पण हे मला आत्ता दिसलं. आईंनी या खेपेला वेगळंच काढलं, लक्ष्मीकांतनं साडी सचिनपेक्षा चांगली सांभाळलीय म्हणे, पदर कुठे घ्यायचा ते त्याला कळतं. डोहाळजेवणाला तर माझी जाऊ आणि नणंद दोघी उठून उभ्याच राहिल्या गाण्याला. त्याच्या मधोमध यूट्यूबनं टाइल्सची जाहिरात टाकली, तो भाग सोडा.

जाहिरातीवरून आठवलं, यात ओटीटीचा घोळ आहे तो समजून घ्या. डब्यावर सगळ्या अ‍ॅपची चित्रं आहेत पण मोठी पेड अ‍ॅप्स आहेत ना, त्यांना मशीनकडे त्यांचं अधिकृत सर्टिफिकेट लागतं, ते या स्वस्तातल्या मशीनकडे नसतं, मग एकतर अ‍ॅप चालत नाही नाहीतर अगदीच फिकट दर्जाचं दाखवतं. उपाय म्हणजे एचडीएमआयच्या खाचेत ओटीटीची वेगळी स्टिक लावायची, म्हणजे आणखी तीन-चार हजार. आमच्याकडे जुनी होती म्हणून भागलं. हे धरून हिशोब करा.

आता कुठे फसलं ते सांगते. तुंबाड. मला आणि नवऱ्याला फार आवडलेला, २०१८ ला आला तेव्हा राहून गेला होता, मग सप्टेंबर २०२४ ला परत थिएटरला लावला तेव्हा पाहिला, आणि गंमत म्हणजे परत लावला तेव्हा पहिल्यापेक्षा जास्त चालला, असं आपल्याकडे किती सिनेमांचं होतं. तर म्हटलं आता गच्चीवर बघू, मस्त अंधार, मस्त वातावरण. अहो काय दिसलं तर कंदील. फक्त कंदील. पाऊस ऐकू येतोय, माणसं ओरडताहेत, आणि भिंतीवर राखाडी अंधारात एक पिवळा ठिपका इकडून तिकडे जातोय. या स्वस्त एलसीडी मशीनचा काळा रंग काळा नसतोच, मागचा दिवा सतत चालूच असतो त्यामुळे काळ्याच्या जागी धुरकट करडं दिसतं आणि सगळा रात्रीचा सीन त्या धुरात जातो. लेक म्हणाली मम्मा त्यातला तो हस्तर राक्षस कुठाय, मी म्हटलं असेल इथेच कुठेतरी. वीस मिनिटांत बंद केला. तो सिनेमा आम्ही एकदाच पाहिलेला, पाठ नव्हता, म्हणून रिकाम्या जागा भरता आल्या नाहीत. परत थिएटरला लागला तर तिकिटाचे पैसे देऊन बघणार, तो तिथेच बघायचा सिनेमा आहे.

शोलेचं उलटं झालं. त्याच्यात पण रात्रीचे सीन आहेत, जय माउथ ऑर्गन वाजवतो आणि समोर राधा एकेक दिवा मालवत जाते, ते आमच्या भिंतीवर जवळपास दिसतच नाही. पण गच्चीवर त्यावेळी एवढी शांतता असते की पंख्याची घरघर पण टोचते. सगळ्यांना दिसत असतं, भिंतीवर नसलं तरी. बाबांनी शोले मुंबईला मिनर्व्हात पाहिलाय, तिथे तो पाच वर्षं चालला, बाबांचे मामा गिरगावात राहायचे आणि दर सुट्टीत मुंबईला गेलं की मामाकडे जेवायचं आणि शोले बघायचा हा कार्यक्रम. त्यांना तो ७० एमएमचा पडदा आठवतो त्यामुळे आमच्या भिंतीवर रुंद चित्राच्या वर-खाली काळे पट्टे येऊन मधे पट्टी उरते ते त्यांना झेपत नाही, म्हणतात घोडे बुटके दिसतात. आणि त्या आगगाडीच्या सीनला एकदा खरोखर नाशिकरोड स्टेशनवरून इंजिनाचा भोंगा आला, बरोबर जागेवर. समोरचे काका म्हणाले हा साऊंड सिस्टिमचा खर्च वेगळा का?

शेवट दुसराच होता हे बाबा कायम सांगायचे आणि आम्हाला वाटायचं फेकताहेत. पण ते खरं निघालं, मूळ शेवटात ठाकूर गब्बरला मारतो, आणीबाणीच्या काळात सेन्सॉरनं तो बदलायला लावला आणि पोलीस आणले. तो मूळ शेवट जोडून दुरुस्त केलेली प्रत जून २०२५ ला इटलीत बोलोन्याच्या फेस्टिवलला दाखवली, लेकीनं बातमी वाचून दाखवली तेव्हा बाबांचा चेहरा बघण्यासारखा होता. पन्नास वर्षांनी माणूस खरा ठरला.

सूर्यवंशमबद्दल लिहावं लागणार कारण तो आमच्याकडे बाबांच्या मते सिनेमा आणि बाकीच्यांच्या मते हवामान आहे, म्हणजे तो लागलेला असतोच. १९९९ ला तो आला आणि त्याच वर्षी तो कायम लावणारा सेट मॅक्स चॅनल पण सुरू झाला, तेव्हापासून दोघांची जोडी. मी लग्न होऊन आले तेव्हा पहिल्या रविवारी दुपारी हाच चालू होता. मला त्यातलं एकच कौतुक, सौंदर्याला आवाज रेखाचा आहे, हे कळल्यावर एकदा डोळे मिटून ऐका, वेगळाच सिनेमा होतो. प्रोजेक्टरवर मात्र बाबांनी तो एकदाच लावला आणि म्हणाले हा टीव्हीवरच बरा, मधे जाहिरातीला उठून पाणी पिता येतं. बरोबरच आहे, त्या सिनेमाची सवयच ब्रेकसकट झालीय, विषाच्या खिरीच्या आधी ब्रेक नाही आला तर चुकल्यासारखं वाटतं.

यावर मी बराच विचार केला, म्हणजे भांडी घासताना वगैरे, की आपल्याला परत परत बघावेसे वाटणारे सिनेमे आपण निवडले का केबलवाल्यानं निवडले. अंदाज अपना अपना १९९४ ला थिएटरात पडला होता, आमच्या ओळखीत एकही माणूस नाही ज्यानं तो तेव्हा तिकीट काढून पाहिलाय, आणि आज नवऱ्याच्या मित्रांच्या ग्रुपमध्ये निम्मं बोलणं त्यातलंच असतं, एप्रिल २०२५ ला थिएटरला परत लागला तेव्हा हे सगळे टक्कल पडलेले पुरुष सुट्टी टाकून गेले होते. हेराफेरीचं पण तसंच, नवरा बिटको कॉलेजला अकरावीत असताना २००० साली आला, कॉलेजचा रोल नंबर विसरला असेल पण बाबूरावचं पूर्ण नाव वडिलांच्या नावासकट सांगतो. थिएटरात एकदा पाहून असं होत नाही, दुपारी दोनला, परीक्षेच्या सुट्टीत, अर्ध्यातून, कधी शेवटून, असं तुकड्या-तुकड्यानं शंभरदा पाहिल्यावर होतं. त्यामुळे माझा नियम असा की गच्चीवर सिनेमा कुठूनही चालू झाला तरी चालतो. नणंद उशिरा आली तर तिच्यासाठी परत पहिल्यापासून लावत नाही, तिला पण कळतं कुठे आलोय ते, दोन वाक्यांत.

झपाटलेलाचा किस्सा वेगळाच. १९९३ चा, रामदास पाध्येंचा बाहुला, आम्ही लहानपणी घाबरत घाबरत हसलोय. दिराचा मुलगा सहा वर्षांचा, त्यानं टीव्हीवर चार वेळा पाहिलाय, तात्या विंचूची नक्कल करून दाखवतो पाहुण्यांना. गच्चीवर लावला आणि पहिल्यांदा तो बाहुला समोर आला तसा पोरगा जो ओरडला तो थेट जिन्यातच. टीव्हीवर बाहुला हा बाहुल्याएवढाच दिसतो ना, भिंतीवर तो माझ्या सासऱ्यांएवढा होता. आम्हा मोठ्यांच्या लक्षातच आलं नाही. लहान मुलं असतील तर प्रोजेक्टर थोडा पुढे सरकवा, चित्र लहान होतं, हा कामाचा सल्ला आहे, हसू नका.

जागा आणि पडदा. आधी नुसत्या भिंतीवरच बघितलं, मग पांढरी चादर बांधली, वाऱ्यानं ती फुगली की बनवाबनवीतली माधुरी पुढे यायची आणि घरमालक सर्पोतदार मागे जायचे. मग बाजारात मिळतो तो गुंडाळीचा पडदा आणला बाराशेला, त्याला घड्या पडल्या. शेवटी पाण्याच्या टाकीच्या भिंतीला मॅट पांढरा रंग दिला, अर्ध्या लिटरमध्ये दोन हात झाले, सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात चांगलं. चकाकणारा रंग घेऊ नका, मधे दिव्याचा गोळा दिसतो. मशीन ठेवायला स्टँड वगैरे घेतलं नाही, प्लास्टिकच्या स्टुलावर पाट, पाटावर मशीन. चित्र आपोआप सरळ करायची जी सोय आहे ती चांगली आहे पण अतिउत्साही आहे, कुणी स्टुलाला पाय लावला की सिनेमा थांबवून भिंतीवर चौकटी मारत बसते, मी ती बंदच करून टाकली आणि एकदा हातानं सेट केलं.

पावसाळ्यात हॉलमध्ये आणला. हॉल ११ फुटी आहे त्यामुळे बसायला जागाच उरत नाही, प्रोजेक्टरच्या मागे बसावं लागतं आणि पंख्याची गरम हवा तोंडावर. तिथे चहा प्यायला मात्र बरं.

ऑगस्टमध्ये चित्रावर डाग यायला लागला, डाव्या बाजूला करडा, नाण्याएवढा. आधी वाटलं भिंतीला ओल आलीय. मग कळलं आत धूळ गेलीय, गच्चीवर वापरणार तर जाणारच, काही मशीनचा आतला भाग सीलबंद असतो त्यात जात नाही पण ते महाग. कस्टमर केअरला फोन केला तर बारा दिवस फक्त तिकीट नंबर देत होते, रोज नवा माणूस, रोज पहिल्यापासून कहाणी, शेवटी म्हणाले तुमच्या खर्चानं पॅक करून पाठवा, कुठे तर मुंबईच्या बाहेर कुठल्यातरी गोडाऊनला, परत कधी येईल सांगता येत नाही. वॉरंटी एक वर्षाची आहे पण ती अशी आहे. मी नाद सोडला. एमजी रोडला एका छोट्या रिपेरिंगवाल्या दादांनी उघडून हवा मारून वीस मिनिटांत साफ करून दिला, तीनशे रुपये, आणि सांगितलं ताई वापरून झालं की लगेच प्लग काढू नका, पंखा थांबू द्या, आणि कापडी पिशवीत ठेवा. वॉरंटीचं सील तुटलं त्यात, ते तुमचं तुम्ही ठरवा. माझ्या मते त्या वॉरंटीपेक्षा हे दादा जास्त भरवशाचे.

कोजागिरीला गल्लीतल्या सगळ्यांना बोलावलं होतं. मसाला दूध, भेळ, आणि कोंडाजीचा चिवडा. कुठला सिनेमा लावायचा यावर मतदान झालं, बनवाबनवी आणि धुमधडाकामध्ये बरोबरी, मग बाबांनी व्हेटो वापरून तिसराच लावला, हरिश्चंद्राची फॅक्टरी. २००९ चा, परेश मोकाशींचा, फाळक्यांवरचा, ऑस्करला भारतातर्फे गेलेला. लोक जरा कुरकुरले पण मग बसले. आणि बघा, फाळके म्हणजे आपल्या त्र्यंबकचे, १८७० चा जन्म, १९१३ ला राजा हरिश्चंद्र काढला मुंबईत आणि मग बिऱ्हाड हलवून आपल्या नाशकात आले, इथेच सिनेमे काढले आणि १९४४ ला इथेच गेले. पांडवलेणीखाली त्यांचं स्मारक आहे तिथे आपण सगळे शाळेच्या सहलीला गेलोय पण आपलं लक्ष सगळं कारंज्याकडे. माझं म्हणणं वेगळंच आहे. १९११ ला गिरगावात त्यांनी येशूचा सिनेमा पाहिला, बायकोला घेऊन गेले, आणि त्यानंतर हा माणूस महिनोन्‌महिने रोज सिनेमे बघत सुटला, एवढे की डोळे बिघडून दिसेनासं झालं, उपचार करून परत दिसायला लागलं. म्हणजे आपला पहिला सिनेमा काढणारा माणूस हा आधी सिनेमाला परत परत जाणारा माणूस होता. बाबांना हे सांगितलं तर त्यांनी आईंकडे असं बघितलं की जणू प्रेसच्या सगळ्या ओव्हरटाईमचा हिशोब आज मिटला.

चंद्र एवढा होता त्या दिवशी की चित्र निम्मं धुतलं गेलं. कोजागिरीला प्रोजेक्टर ही मुळात चुकीची कल्पना आहे, कुणी आधी सांगितलं नाही. तरी शेवटपर्यंत कुणी उठलं नाही.

किरकोळ गोष्टी: रिमोटला दिवा नाही, अंधारात आवाजाऐवजी सिनेमाच बंद होतो. दिव्यावर किडे येतात, मे-जूनमध्ये जास्त, लेन्सवर बसलेलं एक पाखरू भिंतीवर गरुडाएवढं दिसतं. वीज फार खात नाही, इन्व्हर्टरवर चालतो, लाईट गेली तरी सिनेमा थांबत नाही, पण राउटर इन्व्हर्टरवर नसेल तर थांबतो, म्हणून आमचे ठरलेले आठ सिनेमे पेन ड्राइव्हवर. पॉवर बँकवर चालेल का असं विचारू नका, नाही चालत.

स्टार देताना मला अडचण आली. पाठ असलेल्या सिनेमासाठी पाच, एकदाच पाहिलेल्यासाठी दोन, न पाहिलेल्यासाठी शून्य. वेबसाईट म्हणते एकच आकडा द्या, मग तीन दिले, ते कशाचेच नाहीत.

लेकीनं जूनमध्ये एक डबा ठेवलाय, जो कुणी नटाच्या आधी डायलॉग म्हणेल त्यानं दहा रुपये टाकायचे, नाहीतर ऐकूच येत नाही म्हणे. दिवाळीपर्यंत अकराशे चाळीस जमले, त्यातून नवीन ब्लूटूथ स्पीकर घ्यायचाय. गेल्या शनिवारी परत बनवाबनवी लावला, अजून नावं पण पडली नव्हती आणि बाबांनी खिशातून सत्तर रुपये काढून डब्यात टाकले. लेक म्हणाली आजोबा अजून तुम्ही काही बोललाच नाहीत. तर म्हणे आत्ताच वारले समज.